पसाभर कोंडा

"ए कचऱ्या, हात चालव! सूर्य काय तुज्यासाटी थांबनार हाय?"

मंदा दोरीच्या या टोकाकडून ओरडली. त्या टोकाला तिचा पोरगा वाकलेला होता. टोपलीतला ओला बोंबील उचलायचा, बोटानं त्याचा जबडा फाकवायचा, दुसऱ्याचा जबडा त्यात अडकवायचा आणि ती जोडी बांबूंना ताणलेल्या दोरीवर टाकायची. एक इकडं लोंबतो, एक तिकडं. बोंबील हाताला मऊ लागतो, पण त्याचे दात सुईसारखे. पोराच्या बोटांना चिरा पडल्या होत्या आणि चिरांत खारं पाणी शिरत होतं. तो बोलत नव्हता. दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली तरी तो शाळेत गेला नव्हता, आणि का गेला नाही तेही बोलत नव्हता.

तारोडीच्या किनाऱ्यावर अशा दोऱ्यांच्या रांगाच रांगा. त्यातली शेवटची, कुत्र्यांच्या वाटेवरची रांग मंदाची. तिचा नवरा काशीनाथ एका नाखव्याच्या, म्हणजे बोटमालकाच्या, बोटीवर खलाशी. बोटीतून वाट्याला आलेला मासा सुकवायचा आणि सुका करून बाजारात न्यायचा, एवढंच तिच्या हातात. ऊन तेवढं पडायला हवं.

वरच्या रस्त्यावर पालिकेची कचऱ्याची गाडी गाणं वाजवत आली. शेजारचा बंटी मोटरसायकलवर आडवा पडून मोबाईल बघत होता. तो उठून बसला.

"ओ कचऱ्या, तेरी गाडी आली रे! जा बस, सीट पकड!"

बायका हसल्या. मंदाही हसली. पोरगा खाली बघून पुढचा जबडा शोधत राहिला.

आता इथं मंदाला नावं ठेवायची घाई कुणी करू नये. या पोराच्या आधी तिला दोन मुलगे झाले आणि दोन्ही गेले. एक पाळण्यात गेला, दुसरा रांगता गेला. दोघं गोरेगोमटे होते. येईल तो म्हणायचा, काय गोड पोर आहे. तिसरा झाला तेव्हा नणंदेनं, आशाआत्यानं, जुनी रीत केली. बाळंतिणीच्या मांडीवरचं पोर उचललं आणि घरामागच्या उकिरड्यावर ठेवलं. मग स्वतःच उचलून दारात आली आणि म्हणाली, "उकिरड्यावर सापडलं, घेतेस काय?" मंदानं पसाभर कोंडा दिला आणि पोर विकत घेतलं. टाकून दिलेल्या वस्तूवर कुणाची नजर पडत नाही, मरणाचीही नाही, असा हा हिशेब. आत्यानं कानात चांगलं नाव सांगितलं, निकेत. ते शाळेत लागलं. घरात, गल्लीत, किनाऱ्यावर मात्र कचऱ्या.

पोर जगलं.

म्हणून मंदा रोज दिवेलागणीला एकविरेच्या फोटोपुढं हात जोडते. "ठेवलास गो बाय माजे, ठेवलास." डोळ्यांत पाणी येतं तिच्या. एवढी कृतज्ञ बाई मी दुसरी पाहिली नाही. पण आभार सगळे देवीला आणि शिव्या सगळ्या पोराला. चौदा वर्षांत त्याला एक चांगला शब्द तिनं दिला नव्हता. द्यायचा तर तिच्या जिभेला कापरं भरायचं.

*

दुपारी एक बाई वाळूतून येताना दिसली. चपला हातात, साडीचा काठ भिजलेला, पाऊल टाकताना शिंपल्यांना बिचकणारी.

"निकेत इथेच राहतो ना?"

मंदा बघत राहिली. "कोन निकेत?"

"निकेत काशीनाथ. नववीतला. मी त्याची वर्गशिक्षिका, क्षितिजा."

"अगो बाय, आमचा कचऱ्या!" मंदानं हात पदराला पुसले. "काय केलान त्यानं?"

"काही केलं नाही, तेच सांगायला आलेय." बाई टोपलीच्या कडेला उकिडवी बसली. वासानं तिचं नाक आखडलं होतं पण ती उठली नाही. "सहामाहीत दोन पेपर कोरे ठेवले त्याने. चुकले नाहीत, आई. कोरे. उत्तरं येत होती त्याला. मी नंतर तोंडी विचारलं तर खाडखाड सांगितलं. मग लिहिलं का नाहीस, विचारलं. म्हणाला, मॅडम, माझं बरोबर कसं असेल?"

मंदानं टोपलीतला पुढचा बोंबील उचलला.

"वर्गात वाचायला उभा राहिला ना, की पोरं चिडीचूप होतात. इतका छान वाचतो. भरती-ओहोटीचा धडा मी शिकवला नाही, त्याने शिकवला. खरंच हुशार आहे हो तुमचा…"

"नका!" मंदानं तिच्या तोंडासमोर हात धरला. "नका वो मॅडम असं बोलू. काय हुशार न्हाय तो. धोंडा हाय. डोक्यात भुसा भरलाय त्याच्या."

"त्याच्यासमोर बोलताय तुम्ही हे?"

"मंग कोनासमोर बोलू? कचराच हाय तो!"

पोरगा दोरीमागं उभा होता. लोंबणाऱ्या माशांमधून त्याचे डोळे दिसत होते. मॅडम उठल्या. रागानं त्यांचा आवाज फुटला.

"निकेत, सोमवारी ये. पहिल्या बाकावर तुझी जागा ठेवते. दुसऱ्या कुणाला बसू देणार नाही."

त्या गेल्या. मंदानं वाकून चिमूटभर वाळू घेतली आणि बाईच्या पावलांच्या दिशेनं फुंकली. संध्याकाळी पोर जेवायला बसलं तेव्हा मीठ-मिरची मुठीत घेऊन त्याच्यावरून उतरवली आणि चुलीत टाकली. मिरची तडतडली.

"कशाला?" पोरानं विचारलं.

"खोकलास मगाशी. खा गप."

तो खोकला नव्हता. तो ताटाकडं बघत म्हणाला, "मॅडम खोटं बोलत होती ना, आये?"

हो म्हणावं तर पोर मोडतं. नाही म्हणावं तर पोर जातं. मंदाला असंच वाटत होतं, काय करणार? तिनं भात वाढला, बोंबलाचा मोठा तुकडा वाढला आणि म्हणाली, "मला काय म्हाईत. मी काय शाळा शिकलेय?"

सोमवारी पोरगा शाळेत गेला नाही.

*

त्याच आठवड्यात गावात हळद होती. भर दुपारीच मांडवात बेंजो वाजायला लागला. सगळं गाव पिवळं होऊन नाचत होतं. मोरव्याहून आशाआत्याही आली होती. काशीनाथ बोटीवर होता. मंदा ठेवणीतलं लुगडं नेसून गेली आणि बोंबील राखायला पोराला ठेवून गेली. बोंबील निम्मे सुकले होते. अजून एक ऊन लागलं की माल तयार.

पोरगा कावळे हाकत बसला होता. घरचा मोबाईल त्याच्याकडे. काच फुटलेली, पण चालणारा. त्यावर मच्छीमारांच्या ग्रुपवर हवामानाचा मेसेज आला. गडगडाटासह पाऊस, सोसाट्याचा वारा, किनारपट्टीला इशारा. त्यानं पुन्हा वाचला. आभाळाकडं पाहिलं. डोक्यावर ऊन होतं, पण दर्याच्या कडेला काळी रेघ उमटली होती आणि वारा जमिनीकडून सुटला होता.

तो धावत मांडवाकडं गेला.

मांडवाच्या तोंडाशी येऊन थांबला. आत बेंजो, घाम, हळद. त्याच्या अंगाला माशाचा वास. त्यानं हाक मारली, "आये!" बेंजोत ती बुडाली. तो दोन पावलं आत गेला. मोबाईल वर धरला. "आये, पाऊस…"

बंटीनं त्याला पाहिलं. नाचता नाचता माईक ओढला आणि बोंबलला, "अरे थांबवा, थांबवा! कचऱ्या आला! काय रे, गाडी आली काय तुझी?"

सगळा मांडव हसला. नवरा मुलगा हसला. मंदा हसली. सवयीनं हसली. हळदीच्या हातानं तोंड झाकून हसली.

पोरानं मोबाईल खाली घेतला आणि माघारी गेला.

पाऊस आला तेव्हा मांडवाचं कापड आधी फुगलं आणि मग फाटलं. बायका ओरडत किनाऱ्याकडं धावल्या. मंदा पुढं होती. लुगडं कमरेला खोचलेलं, हळद गालांवरून ओघळत होती. दोऱ्या वाऱ्यानं तुटून वाळूत लोळत होत्या. दोरीबरोबर बोंबील चिखलात जात होते. आणि तिच्या रांगेत पोरगा एकटा. जेवढे काढता आले तेवढे काढून त्यानं ताडपत्रीखाली लोटले होते आणि ताडपत्री उडू नये म्हणून तिच्यावर पालथा पडला होता. हात फाकवून. पाठीवर पाऊस.

वाचलं ते टोपलीभर. बाकी सगळं गेलं. निम्मा सुकलेला बोंबील भिजला की एका रात्रीत लाल पडतो, मग त्याला अळी धरते. तो खताशिवाय कशाच्या कामाचा नाही.

"कवा आलता मेसेज?" पाऊस थांबल्यावर मंदानं विचारलं. शेजारणीनं तिला ग्रुपचं सांगितलं होतं.

"उन्हात."

"मंग सांगितलास का न्हाय? तोंड शिवलं व्हतं?"

पोरगा चिखलातले बोंबील वेचत होता. मान वर न करता म्हणाला, "सांगायला आलतो. तू हसलीस."

त्यानं हे रागानं म्हटलं असतं तर तिला बरं वाटलं असतं. कुणी पाणी आहे का विचारावं तसं तो म्हणाला.

*

दुसऱ्या दिवशी काशीनाथ बोटीवरून सुखरूप उतरला. सडलेल्या बोंबलांचा ढीग पाहून डोक्याला हात लावून बसला. मग पोराकडं बघितलं. मारायला उठला नाही. तो मारणारा बाप नव्हता, थकलेला बाप होता.

"शाळेत जात न्हाय, घरचं राखता येत न्हाय. चल माज्यासंगं. नाखव्याला जेवन रांधायला पोर हवाय. उद्या भरतीला निघायचं."

"बरं," पोरगा म्हणाला.

बरं! चौदा वर्षांच्या पोरानं असं बरं म्हणू नये. रडावं, भांडावं, दारं आपटावीत. हा कपड्यांची पिशवी भरायला लागला.

अंगणात मंदा आणि आशाआत्या ढिगातून धड मासे निवडत होत्या. घाण सुटली होती. आत्याचं वय झालेलं, पण बोटं चालत होती.

"वन्स," मंदा म्हणाली, "त्याला जाऊ देऊ?"

"मला काय इचारतेस? पोर तुजं."

"तुमीच तर आनून दिलात."

आत्यानं हातातला मासा हुंगला आणि फेकून दिला. "मी दिला नि तू पसाभर कोंडा देऊन घेतलास. मरनाला फसवायला केलं ते. मरन फसलं गो मंदे. पन पोर बी फसलं."

मंदाचे हात थांबले.

"त्याला खरंच वाटतंय आपुन कोंड्याच्या मोलाचे," आत्या म्हणाली. "मांडवातनं माघारी गेला तो. मी पायला. मी बी हसले. त्या हसन्यानं रातभर झोप न्हाय मला."

"मी नाव घेतलं नि काय झालं तर?" मंदाचा आवाज दबला. "दोन गेलेत वन्स माजे. मी त्यांना राजा म्हनायची. दोगांना."

"ते तापानं गेले. डाक्टर लांब व्हता म्हनून गेले. तुज्या राजा म्हनन्यानं न्हाय गेले." आत्या चिडली होती, स्वतःवरच जास्त. "आनि नाव घेत न्हायस नि दर्यात धाडतेस? तितं कोन राखत बसलाय त्याला?"

नाव द्यायची रीत होती, नाव सोडवायची रीत कुणी करून ठेवली नव्हती. रीती करणारे असेच. बांधायचं सांगतात, सोडायचं विसरतात.

*

सकाळी भरती चढली. बोट थोडी आत उभी होती आणि किनाऱ्यावरून खलाशी लहान होडीकडं पाण्यातून चालले होते. बर्फाच्या पाट्या, पाण्याचे कॅन, तांदळाची गोण. काशीनाथ पुढं. मागं पोरगा, कपड्यांची पिशवी डोक्यावर, पाणी मांडीला.

मंदा वाळूवर उभी होती. तिनं तोंड उघडलं आणि जुनी हाक जिभेवर आली. ती तिनं गिळली.

"निकेत!"

आवाज चिरका निघाला. कुणीही वळलं नाही. खलाशी वळले नाहीत, काशीनाथ वळला नाही, आणि ज्याचं नाव होतं तोही वळला नाही. पाणी त्याच्या कमरेला आलं.

"निकेत! ए निकेत!"

मोटरसायकल पुसणारा बंटी म्हणाला, "काकी, किसको बुला रही? कोन निकेत?"

मंदा त्याच्यावर फिरली. तिचा आवाज आता घशातून नव्हता येत, पोटातून येत होता.

"माजा पोर हाय निकेत! ऐकलास? हुशार पोर हाय माजा! सगल्या शाळेत त्याच्यासारका वाचनारा न्हाय! पावसाचं त्यानं सांगितलं नि आमी गाडवं हसलो! आज्जपासनं त्याला कोन कचऱ्या म्हनेल त्याच्या तोंडात सडका बोंबील घालीन मी, सांगून ठेवते!"

सगळा किनारा थांबला. मासे निवडणाऱ्या बायका, कुत्री, होडीवाला. तिनं दर्याकडं पाहिलं, आभाळाकडं पाहिलं. आता काय व्हायचं ते होऊ दे, अशी. लाट आली, वाळूवर पसरली, परत गेली. दुसरी आली.

पाण्यात पोरगा थांबला होता. हळूहळू वळला. डोक्यावर पिशवी तशीच. एवढ्या लांबून त्याचा चेहरा दिसत नव्हता, पण खांदे हलत होते. काल जे रडायला हवं होतं ते आता रडत होता.

काशीनाथनं एकदा पोराकडं पाहिलं, एकदा बायकोकडं. मग पोराच्या डोक्यावरची पिशवी उचलून त्याच्या हातात दिली.

"जा," तो म्हणाला. "भात मी बी रांधतो. मिठाचं तेवढं चुकतं."

*

पहिल्या बाकावर जागा होती. मॅडमनी खरंच कुणाला बसू दिलं नव्हतं. तिथं त्यांनी त्यांची छत्री ठेवली होती. निकेत आला तशी उचलली, काही बोलल्या नाहीत, धडा पुढं चालू केला.

काही दिवसांनी मंदा शाळेच्या फाटकापाशी जाऊन उभी राहिली. कागदात बांधलेली सुक्या बोंबलांची जुडी हातात. ताडपत्रीखाली वाचलेल्यांतले निवडून घेतलेले होते, लांब, पांढरे. मॅडम बाहेर आल्या. मंदाला आभार मानता येत नव्हते. तिला ते फक्त देवीचे मानायची सवय.

"हे घ्या. निकेतनं राखलेले हायत."

"अहो, कशाला आई…"

"तुमी वाळू तुडवत आलात. चपला हातात घेऊन. मी तुमाला वाटेला लावलं." तिनं जुडी मॅडमच्या हातात कोंबली. "माज्या पोराला तुमी बरं बोललात मॅडम. आदी कोनी बोललं नव्हतं. मी बी न्हाय."

मॅडमना काय बोलावं कळेना. "मला करता येत नाहीत हो बोंबील. सासूबाई खूश होतील पण."

"या एक दिस. मी शिकवते. कुरकुरीत," मंदा म्हणाली आणि पहिल्यांदा शाळेच्या फाटकात मोकळं हसली.

बोटीनं नवा मासा आणला. दोऱ्या पुन्हा भरल्या. निकेत शाळेतून आला की दप्तर ठेवून आईजवळ यायचा. सगळं एका दिवसात बदललं असं मी लिहिणार नाही. अजूनही कुणी मोठ्यानं हसलं की त्याची मान आपोआप खाली जायची. अजूनही मंदाच्या तोंडून निम्मी जुनी हाक निसटायची. "ए कच…" मग ती स्वतःच्याच गालावर चापट मारायची, आणि तो हसायचा.

एका दुपारी मोबाईल वाजला. निकेतनं वाचलं. किनाऱ्यावर सगळे होते. तो टोपली पालथी घालून तिच्यावर उभा राहिला.

"पाऊस येतोय! संध्याकाळपर्यंत. मेसेज आलाय. बोंबील काढा!"

बायकांनी वर पाहिलं. आभाळ निळंभोर. कुणी हललं नाही.

मंदा उठली. "निकेत सांगतोय ना? काढा!" आणि तिनं पहिली जोडी दोरीवरून ओढली. मागचा चिखल आठवून दुसरीनं हात लावला, मग तिसरीनं. पाठी मोडेपर्यंत सगळ्यांनी रांगांमागून रांगा उतरवल्या आणि ताडपत्र्या बांधल्या. बंटीसुद्धा शिव्या देत एक दोरी काढत होता.

पाऊस आला नाही.

संध्याकाळ झाली, आभाळ लाल झालं, सूर्य सरळ दर्यात बुडाला. एक थेंब नाही. ऊन फुकट गेलं. बायका पाठी चोळत पुटपुटायला लागल्या. बंटीनं संधी साधली.

"वा रे वा! शाळेत हेच शिकवतात काय? काकी, लेकरानं सगळ्या गावाला उल्लू बनवला!"

निकेत ताडपत्रीजवळ उभा होता. मान खाली जायला लागली. पायाच्या अंगठ्यानं वाळू उकरत होता. कान लाल झाले होते. तो वाट बघत होता, त्या जुन्या हाकेची.

मंदानं घाम पुसला. कमरेला हात लावून उभी राहिली. आधी बंटीला सुनावलं. "न्हाय पडला तर न्हाय पडला. दर्या काय त्याच्या हातात हाय? उद्या परत घालू." मग पोराकडं वळली आणि रोज बोलावं तसं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली,

"निकेत, बग रे जरा. उद्याचं काय सांगतोय मोबाईल?"

त्यानं खिशातून मोबाईल काढला. मान वर केली आणि मोठ्यानं वाचायला लागला.